सात नंबरचा ट्रक

शाहूपुरीतल्या त्या तळघरात आठ कॉम्प्युटर होते. कुठल्या मशीनवर कुठला गेम आहे, हे गिऱ्हाइकांना स्वतःच्या घरच्या पत्त्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. दोन नंबरवर कुस्ती, पाचवर क्रिकेट. तीन आणि चार एकमेकांना जोडलेले. तिथं बंदुकांची मारामारी. सगळे गेम सगळ्या मशीनवर ठेवायचे म्हटलं तर हार्ड डिस्कचा तेवढा आवाका नव्हता. आरिफनं मशीनं जुनी घेतली होती, कुणाकुणाच्या ऑफिसांनी मोडीत काढलेली. त्यामुळं नवीन गेम आला की जुन्यांपैकी एकानं घर खाली करायचं, असा तिथला कायदा होता. आणि घर खाली करून घ्यायचं काम मेहककडं होतं.

मेहक आरिफची थोरली बहीण. मिरजेला दिलेली होती, तलाक होऊन परत आली. सदर बाजारातल्या घरी ती, आरिफ आणि आई सुलतानबी अशी तिघंच. घरात तिच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागायचं तरी माणसाकडं लक्ष द्यावं लागतं. सुलतानबी दिवसभर टीव्हीसमोर, आरिफ दिवसभर बाहेर. आरिफनं गेमचं दुकान काढलं तेव्हा दुपारी गल्ल्यावर कुणीतरी बसायला हवं होतं. पोरं यायची ती शाळा-कॉलेज सुटल्यावर; दुपार ओस असायची. ओस वेळेला बसायला ओस माणूस, असं कुणी बोललं नाही, पण ठरलं ते तसंच.

पहिले काही महिने मेहक नुसती बसली. मग मशीनं दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या मागं उभं राहून ती बघायला लागली. कंट्रोल पॅनेल कुठून उघडायचं, कुठला गेम किती जागा खातो, तो मुळापासून कसा काढायचा, काढल्यावरही मागं काय काय उरतं. तिला या कामात गोडी वाटायला लागली. आठही मशीनं ती घरातल्या कपाटांसारखी आवरून ठेवायची.

बाकीच्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही नव्हती. पोरांचा समज असा, की स्क्रीनवरचं चित्र पुसलं की गेम गेला. रागावलेलं एखादं पोरगं जाताना दुसऱ्याच्या आवडत्या गेमचं चित्र पुसून जाई आणि सूड उगवला म्हणून खूश होई. मेहक ते चित्र पुन्हा आणून ठेवी. दुकान आरिफचं, पण त्याचाही समज पोरांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. चित्र दिसलं तर गेम आहे, नाही दिसलं तर गेम नाही.

सात नंबरच्या मशीनची डिस्क सगळ्यांत लहान. मूळची जळाली, तिच्या जागी मिळाली ती बसवली. त्यावर दोन-तीन किरकोळ गेम आणि एक ट्रकचा होता. परदेशातले लांबच लांब रस्ते, मोठ्ठा ट्रक, एका गावाहून माल भरायचा आणि दुसऱ्या गावी नेऊन उतरवायचा. पोरांनी तो एक-दोनदा खेळून सोडून दिला. त्यात कुणी मरत नव्हतं.

तो गेम एकच माणूस खेळायचा. नागसेन शिंगे.

शिंगे आले त्या पहिल्या दुपारी मेहकला वाटलं, मुलाला शोधायला आलेले कुणी वडील असावेत. पन्नाशीच्या आसपास, अंगानं भरलेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी सगळ्या मशीनवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ताई, गाडी चालवायचा हाय का एखादा? शर्यतीचा नको."

तिनं सात नंबर दाखवला. तेव्हापासून ते रोज दुपारी यायला लागले. आठवड्याची सुट्टी तेवढी नेसरीला, घरी, बायकोकडं.

ते एसटीत ड्रायव्हर होते. 'होते' म्हणजे नोकरी अजून होती, गाडी नव्हती. दोन वर्षांमागं स्टँडवर चहा पिता पिता त्यांना फिट आली. त्यानंतर त्यांना गाडीवरून उतरवून डेपोत बसवलं. गेटवर थांबायचं, टायर मोजायचे, सांगतील ते करायचं. सकाळची पाळी सुटली की दुपार मोकळी, आणि भाड्याच्या खोलीत भिंतीशिवाय कुणी नाही.

"डॉक्टरनं बरोबरच केलं की," त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं. "चहाच्या गाड्यावर आली म्हनून बरं. घाटात आली असती तर? चाळीस-पन्नास मानसं पाठीमागं."

ट्रक ते ज्या पद्धतीनं चालवायचे ती बघण्यासारखी होती. सिग्नल लागला की थांबायचे. वळताना दिवा दाखवायचे. मागून कुणी घाई करत आला तर बाजूला घेऊन त्याला वाट द्यायचे. मेहक सुरुवातीला गल्ल्यावरून बघायची, मग स्टूल घेऊन शेजारी येऊन बसायला लागली.

"मामा, तोडा की सिग्नल. कोण बघतंय हितं?"

"कोन बघतंय म्हनून पाळायचा असतोय व्हय? सवय हाय."

"पण पाठीमागं पॅसेंजर कुठं हायत? ट्रक हाय ह्यो."

"माल तरी कुनाचा तरी हायच की."

गावांची नावं इंग्रजीत यायची. शिंग्यांनी ती वाचायच्या भानगडीत न पडता आपली नावं देऊन टाकली होती. उजाड माळाचा रस्ता लागला की म्हणायचे, "आलं बघा जत. झाड न्हाय, झुडूप न्हाय." डोंगर चढायला लागला की आंबा घाट. पुलावरून जाताना शिरोलीचा पूल. आणि ज्या गावात रात्रीला गाडी लावून सकाळी निघायचं असे, ते नेसरी. कितीतरी वर्षं त्यांनी नेसरी मुक्कामाची गाडी चालवली होती. रात्री आपल्याच गावात गाडी लावायची, आपल्याच घरी झोपायचं आणि पहाटे निघायचं. त्या सुखाबद्दल ते फार बोलत नसत, पण गाडी लावून झाली की खुर्चीत जरा सैल होऊन बसत.

कंडक्टरशिवाय गाडी सोडायची म्हटलं तर त्यांना चैन पडत नसे. म्हणून मेहक पाण्याच्या पेल्यावर नाणं वाजवायची. एकदा वाजवलं की थांबा, दोनदा वाजवलं की चला. ट्रक मागं घ्यायचा असला की ती स्क्रीनच्या कोपऱ्याकडं बघून ओरडायची, "येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला, बास्स!"

"कंडक्टर बरा मिळाला," शिंगे म्हणायचे. "आमचा जोतीराम निस्ता झोपा काढायचा."

दुपारची लाईट गेली की स्क्रीन काळी पडायची. ते तसेच हात पुढं ठेवून बसून राहायचे. जिन्यावरून येईल तेवढ्या उजेडात दोघं बोलत बसायची. ती मिरजेबद्दल बोलली ती तिथंच, त्या अंधारात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जेवायला बरं घालत हुते का?" त्या प्रश्नावर ती पहिल्यांदा रडली. आजवर तिला सगळ्यांनी कारण विचारलं होतं.

दिवसभरात तिच्याशी कुणी माणसासारखं बोलायचं ते त्या वेळात.

दोन हजार पाचच्या मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आणि आरिफनं नवीन गेमची सीडी आणली. शहरात मोकाट फिरायचं, दिसेल त्याची गाडी हिसकावायची, वाटेत येईल त्याला उडवायचं. राजारामपुरीतल्या दुकानांतून पोरं रांगा लावत होती.

"आपा, आठीच्या आठी मशीनवर पायजे," आरिफ म्हणाला. "सुट्टीत पोरं दुसरं काय मागणारच न्हाईत. काय काढायचं ते काढ."

"सात नंबरवर मावणार नाही."

"ट्रक काढ की तिथला. एक माणूस खेळतोय. एका माणसासाठी मशीन अडकवून ठेवायचं व्हय?"

"रोज येतात ते."

"तर तर. त्यांच्यासाठी वायलं दुकान काढू या का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुकान त्याचं होतं, तीही त्याच्याच घरात राहत होती. ती "बघते" म्हणाली.

शिंग्यांची नेसरीची सुट्टी होती त्या दिवशी तिनं काम काढलं. बाकीची सात मशीनं सरळ होती. कुस्ती राहिली, जुने दोन गेम गेले, नवीन बसला. कुणीतरी भरून ठेवलेली गाणी पुसली. मग ती सात नंबरसमोर बसली. किरकोळ गेम मुळापासून काढले. स्क्रीनच्या मागं लावायची चित्रं, नमुन्याचे आवाज, कचऱ्याच्या टोपलीत साठलेलं सगळं काढलं. तरी जागा कमीच पडत होती. ट्रक काढला असता तर प्रश्न एका मिनिटात सुटला असता.

तिनं नवीन गेमचंच पोट उघडून बघितलं. आत एका फोल्डरमध्ये मधे मधे दाखवायच्या चित्रफिती होत्या, भल्यामोठ्या. पोरं त्या कधीच बघत नाहीत, कळ दाबून पुढं जातात, हे ती रोज पाहत होती. तिनं सात नंबरवर गेम बसवताना तेवढ्या चित्रफिती वगळल्या. गेम सुरू करून पाहिला. चालला. मशीन धापा टाकल्यासारखं जरा हळू चालत होतं, पण नवीन गेमही होता आणि ट्रकही होता.

राहिला आरिफ. तिनं ट्रकचं चित्र स्क्रीनवरून पुसलं, खालच्या यादीतूनही नाव काढलं. गेम आत जिथल्या तिथं, वर खूण काही नाही. संध्याकाळी आरिफनं येऊन सात नंबर पाहिला. नवीन चित्र होतं, जुनं नव्हतं. "शाब्बास," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं तिला असं काही म्हटलं नव्हतं.

उद्या मामा आले की गंमत सांगायची, असं तिनं ठरवलं. कुठून उघडायचं ते दाखवायचं. आरिफ असला तर नवीन गेम खेळल्यासारखं करायचं, हेही सांगायचं. घरी जाताना तिला शाळकरी पोरीसारखं हसू येत होतं.

पण घरी सुलतानबी पिशवी भरून बसली होती. इचलकरंजीला मेहकच्या खालाच्या, मावशीच्या, ओळखीतलं स्थळ होतं. बायको वारलेली, दोन मुलं, स्वतःचे चार यंत्रमाग. सकाळच्या गाडीनं निघायचं, खालाकडं एक रात्र राहायचं.

"परवा गेलं तर नाही चालणार?" मेहकनं विचारलं.

"परवा काय आहे तुझं?" आई म्हणाली.

परवा काही नव्हतं. उद्या होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मामा येतील, चित्र दिसणार नाही, तर ताई कधी येणार ते विचारतील आणि दुसऱ्या दिवशी येतील, अशी तिनं मनाची समजूत घातली.

इचलकरंजीच्या त्या घरी शेजारच्या शेडातल्या मागांचा आवाज भिंतीतून येत होता. त्या आवाजाची सवय झालेली माणसं साधं बोलायचं तरी ओरडून बोलत होती. "काय येतं मुलीला?" मुलाच्या बहिणीनं ओरडून विचारलं. "कॉम्प्युटर चालवते," सुलतानबीनं तेवढ्याच आवाजात सांगितलं. "मग घरात कशाला ठरंल ती?" बहीण म्हणाली आणि सगळे हसले. मुलगा म्हणून जो गृहस्थ बसला होता तो एकदाही तिच्याकडं बघून बोलला नाही. कळवतो म्हणाले. नंतर कधीच कळवलं नाही.

परत आल्यावर ती आधी दुकानात गेली.

"तुझा ट्रकवाला आलता काल," आरिफ म्हणाला.

"मग?"

"मग काय? ट्रक न्हाय म्हटल्यावर बावरल्यागत झालं ते. मी म्हटलं, मामा, ह्यात पण ट्रक हाय की. मोटारी हायत, वर माणसं पण उडवता येत्यात. बसून तर बघा. बसलं न्हाय."

"आणि काय म्हणाले?"

"काय न्हाय. ट्रक कुणी काढला म्हणालं. मी म्हटलं, आपानंच काढला. 'ताईंनी सोता?' मी म्हटलं, व्हय. 'बरं' म्हणालं आणि गेलं."

"परत कधी येणार म्हणाले?"

आरिफनं तिच्याकडं बघितलं. "मी कशाला इचारू? तुझं काय काम हाय त्यांच्याकडं?"

त्याला खरं सांगायचं तर लपवलेला गेम सांगावा लागणार होता. ती गल्ल्यावर जाऊन बसली.

त्या दुपारी शिंगे आले नाहीत. दुसऱ्या दुपारीही नाही. शाळांना सुट्टी लागली आणि तळघर पोरांनी भरून गेलं. दुपारची ओस वेळ संपली. आठही स्क्रीनवर एकच शहर, तेच पळणारे लोक, तोच ब्रेकचा आवाज. मेहक रोज शिंग्यांच्या वेळेला सात नंबरवरच्या पोराला उठवायची, मशीन तापलंय म्हणायची आणि रिकामं ठेवायची. पोरं बोंबलायची. आरिफच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "एकच मशीन बरं तापतंय, ते पण ठरल्या वेळेला."

तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ताईंनी स्वतः? त्या माणसाला वाटत असेल, की रोज शेजारी बसून नाणं वाजवणाऱ्या बाईनं एके दिवशी हातानं आपला ट्रक पुसून टाकला. आणि तो तर आत होता, जसाच्या तसा, त्यांनी शेवटी लावला त्या गावात उभा.

आठवडा उलटला तशी ती डेपोवर गेली.

गेटजवळच्या खोलीबाहेर बाकावर खाकीतली तिघं-चौघं बसली होती. शेजारी एक एसटी इंजिन चालू ठेवून उभी होती. दारात उभ्या असलेल्या कंडक्टरनं खालपासून वरपर्यंत बघून विचारलं, "कोन पायजे पावणं? स्टँड तिकडं हाय."

"शिंगेमामा आहेत का? नागसेन शिंगे."

"हायत की. ओ नाना! पावणं आल्यात तुमच्याकडं!"

शिंगे शेडमधून आले. खाकी कपड्यात तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानात ते साध्या शर्टावर यायचे. तिला बघून ते मधेच थांबले. ते वळून जातील की काय, या भीतीनं तिनं एका दमात, इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगून टाकलं, "मामा, गेम हाय अजून! मी काढला न्हाय! सात नंबरवरच हाय ट्रक!"

"कसला गेम?" कंडक्टरनं विचारलं.

 मेहकला शिंग्यांना बघून इतकं बरं वाटलं होतं, की तिनं कंडक्टरलाच सांगितलं, "कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात की मामा. आमच्या दुकानात, रोज दुपारी. एवढे दिवस झाले, एकदाबी गाडी कुठं घासली न्हाय."

तिनं हे अभिमानानं सांगितलं.

बाकावरची माणसं आधी एकमेकांकडं बघत राहिली. मग कंडक्टर म्हणाला, "आँ? नाना, तुम्ही तर ड्रायव्हिंग स्कूलला शिकवायला जातो म्हनला हुता की!"

"कॉम्प्युटरवरचं स्कूल असंल, जोतीराम!" बाकावरून एकजण ओरडला.

"पोरांसंगं बसून खेळतासा व्हय नाना? पाळी लागती का लवकर?"

"स्टेरिंग असतंय का त्येला, का निस्तं बटन?"

"फिटनेस सर्टिफिकेट मागत न्हाईत न्हवं?"

हे शेवटचं बोलल्यावर बोलणाराच जरा चपापला, पण हसू तोवर पसरलं होतं. वाईट माणसं नव्हती ती. रोजच्या कंटाळ्यात हसायला काहीतरी सापडलं होतं, एवढंच. जोतीरामनं उभ्या एसटीची दोरी दोनदा ओढली. टण टण. "सोडा गाडी, नाना!"

शिंगेही हसले. सगळ्यांबरोबर हसावं लागतं तेवढंच हसले, मग मेहकला म्हणाले, "चला, गेटपर्यंत येतो."

गेटापाशी आल्यावर ते रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"तुम्हीच काढला म्हनून सांगितलं तुमच्या भावानं."

"वरचं चित्र तेवढं काढलं होतं, मामा. आरिफला दिसू नये म्हणून. गेम आत आहे."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगणार होते. त्याच दिवशी आईनं इचलकरंजीला नेलं."

शिंग्यांनी मान हलवली. "तितं सांगाय जमलं न्हाय. आनि हितं सांगितलंसा."

 मागं खोलीबाहेर अजून कुणीतरी हसत होतं.

"मला माहीत नव्हतं हो."

"तुम्हास्नी कसं म्हाईत असंल? मीच कुनाला सांगितलं न्हवतं." ते रस्त्याकडंच बघत म्हणाले, "हितं मला कोन आता ड्रायव्हर धरत न्हाय. पर शिकवाय जातो म्हटल्यावर इचारायचे. नाना, पोरं शिकत्यात का, क्लच सोडाय जमतंय का. तेवढं पाच मिनिटं बोलनं व्हायचं. आता ते बी ग्येलं."

"उद्या या तुम्ही. मी मशीन रिकामं ठेवते. रोज ठेवतेच आहे."

"न्हाय ताई." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं; रागाची समजूत काढता येते. "गेम ग्येला असं कळलं तवा वाईट वाटलं. दोन दिस खोलीत पडून राह्यलो. पर परत आलो असतो, तुमचा राग नव्हता. तुमच्या भावाचं दुकान हाय, जागा लागती. म्हटलं सुट्टी सरली, की निस्तं बसाय तरी जाऊ. आता बसलो त्या खुर्चीत, तरी ह्यास्नी म्हाईत असनार मी कुठं बसलोय."

"त्यांना काय कळतंय?"

"त्यास्नीच तर कळतंय, ताई. तीबी ड्रायव्हरच हायत."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते "आलो" म्हणाले. जाताना त्यांनी तिला दसरा चौकापर्यंत रिक्षा करू नका, ऊन असलं तरी चालत लवकर पोचाल, असा रस्ता सांगितला. रस्ता तिला ठाऊक होता. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं यायच्या आधी तिनं दुकान उघडलं. आरिफ एका मशीनची वायर लावत खाली वाकला होता. ती सात नंबरसमोर बसली.

"ट्रक अजून आत आहे," ती म्हणाली.

आरिफ वायर तशीच धरून वर उठला. "काढला म्हटलं हुतंस की."

"चित्र काढलं होतं."

"म्हंजे चित्र काढलं तरी आत राहतंय?"

"राहतं."

त्यानं याच्यावर थोडा विचार केला. "म्हणून हळू चालतंय व्हय हे. आणि मी डिस्कला शिव्या घालतोय. का ठेवला हुतास?"

"दोन्ही मावावेत म्हणून नव्या गेममधल्या चित्रफिती वगळल्या होत्या मी," एवढंच ती म्हणाली. तिनं कंट्रोल पॅनेल उघडलं, यादीतून ट्रक शोधला. नक्की काढायचा का, असं मशीननं विचारलं. तिनं हो दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरत गेली. आरिफ तिच्या मागं उभा राहून बघत होता. हे काम त्यानं तिला करताना कधी पाहिलं नव्हतं.

गेम गेला तरी एक फोल्डर मागं राहिला. त्यात शिंग्यांच्या साठवलेल्या फेऱ्या होत्या. गेमशिवाय त्या उघडणार नव्हत्या. जागा म्हणाल तर नखाएवढीही खात नव्हत्या. काढायला कारण नव्हतं आणि ठेवायला उपयोग नव्हता. मेहकचा हात माऊसवर बराच वेळ थांबला. मग तिनं तेही काढलं आणि टोपली रिकामी केली.

"बरीच झाली की जागा," आरिफ खाली आकडा बघून म्हणाला. "नव्या गेममधल्या तुझ्या त्या चित्रफिती परत टाकू या?"

"त्या कुणी बघत नाही."

"मग राहू दे मोकळी. मशीन पळंल तरी."

"नको," मेहक म्हणाली. "टाक दुसरं काहीतरी. मोठं टाक. रिकामं ठेवू नकोस."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्यानं आरिफ तिच्याकडं वळून बघायला लागला. विचारावं असं त्याला वाटलं असावं. पण बहिणीला काही विचारायची त्याला सवय नव्हती आणि ती एकाएकी होणार नव्हती. "कालच एक सीडी आलीय राजारामपुरीत," तो म्हणाला. "आणतो."

तो जिना चढून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आणि लांब गेल्याचा आवाज आला. मेहक एकेक करून बाकीची मशीनं चालू करत गेली.